गाळपट्टी

३ डिसेंबर

शेखर सरांनी आज माझं फील्डबुक परत दिलं. बाराव्या पानावर लाल पेनाचा मोठा गोल. तिथे मी लिहिलं होतं, 'खड्ड्यात उतरले तेव्हा वरून चार बायका बघत होत्या आणि एक म्हणाली, हिला अजून नवरा नाही मिळाला का. मेल्याहून मेल्यासारखं झालं.' सर म्हणाले, "छाया, फील्डबुकात खोली, जाडी, रंग, कणांचा आकार. रडगाणं घरी."

म्हणून मेनरोडवरून ही वेगळी वही आणली. रडगाण्यासाठी.

वय चौतीस. कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, म्हणजे सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर. पीएचडीचं हे सातवं वर्ष. विषय गोदावरीकाठचा गाळ. नदीला मोठा पूर येऊन गेला की काठावर एक पदर राहतो, खाली रेती, वर बारीक चिखल. पुढचा पूर त्यावर आपला पदर टाकतो. हे पदर मोजले की शेकडो वर्षांतले पूर कळतात, मधले दुष्काळ कळतात, आताचं हवामान खरंच बिघडलंय की आपणच विसरभोळे आहोत तेही कळतं. हे मी आप्पांना एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांनी त्याहून लहान करून टाकलं. मार्केटला शेवंतीच्या जुड्या घेऊन जातात आणि दलालापासून हमालापर्यंत सगळ्यांना सांगतात, "आमची छाया माती वाचती."

१४ डिसेंबर

चार दिवस गावीच आहे. नदीपासून वर वर जात पाच खड्डे घेतले. पाचवा आमच्याच वरच्या रानात, गाळपट्टीत. नदीच्या पात्रापासून खूप उंच, मागून एक नाला जातो. एकोणसत्तरच्या पुरात अर्धं गाव पाण्यात होतं तेव्हासुद्धा इथे पाणी आलं नाही, हे आख्खं गाव सांगतं. सर म्हणाले होते, तुलना म्हणून एक कोरडी जागा घे. म्हणून घेतला.

वर फूटभर काळी माती. त्याखाली नव्वद सेंटीमीटर तांबूस गाळ, चार पट्टे, इतके स्वच्छ की माझे हात थांबले. प्रत्येक पट्ट्यात खाली रेती, वर चिखल. दुसऱ्यात गोगलगायींचे बारीक शंख, एकही फुटलेला नाही. मी लगेच लोखंडी पाइप ठोकायला घेतला. त्यात माती अंधारात बंद करून पाठवली की तिच्यावर शेवटचं ऊन कधी पडलं ते प्रयोगशाळा सांगते, म्हणजे गाळाचं वय कळतं.

आप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "त्यो कशाला ठोकती? त्यो बाबांचा गाळ हाय."

आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात आटलेल्या तळ्यातला गाळ बैलगाड्यांनी इथे आणून टाकला. चार उन्हाळे. "म्हनून तर गाळपट्टी म्हंत्यात."

चार उन्हाळे, चार पट्टे. मला माझंच हसू आलं. पाइप उपसून घेतला. टाकलेल्या गाळाचं वय काढून काय करायचं? शहरातून आलेला एखादा हुशार असता तर याच खड्ड्यावर पेपर छापून मोकळा झाला असता. शेतकऱ्याच्या पोटी जन्माला आल्याचा एवढा तरी उपयोग.

दुपारी कुसाआत्या भाकरी घेऊन आली. आप्पांची थोरली बहीण, गुडघे गेलेले, तरी खालच्या वस्तीतून चढून आली. खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "लय सुरेख दिसतंय गं. पट्ट्यापट्ट्याच्या लुगड्यावानी." मग माझ्या हाताला लागलेला चिखल पदराने पुसला. मी चिडले, कारण नमुना तिच्या पदराला गेला.

५ जानेवारी

ग्रामसभेला आप्पांनी मुद्दाम बोलावून घेतलं. खालच्या वस्तीत नदीला लागून सात घरं आहेत, पत्र्याची. दर पावसाळ्यात पाणी शिरतं आणि दर पावसाळ्यात ही माणसं शाळेत जाऊन राहतात. सातातलं एक आत्याचं. आता सातही जणांना घरकुल मंजूर झालंय, पण जागा पुरापासून सुरक्षित असल्याचा कागद हवा. आप्पांनी उठून गाळपट्टीतली जागा दिली. बहिणीसाठी दिली हे सगळ्यांना कळलं, तरी सातही घरांना दिली. मला अभिमान वाटला, तो इथे लिहिते, तोंडावर बोलले नाही.

ग्रामसेवक म्हणाला, "तज्ज्ञाचा अहवाल लागेल." सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. नऊ वर्षं मुलांपुढे बोलते, पण असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

९ जानेवारी

दोन पानी अहवाल झाला. मुख्य वाक्य: 'सदर जागेत पुराच्या गाळाचा पुरावा आढळला नाही. तेथील गाळ शेतकऱ्यांनी तलावातून आणून टाकलेला आहे.' सरांनी सही केली. खड्डा बघायला आले नव्हते, पण म्हणाले, "तुला स्थानिक माहिती आहे, हेच तर तुझं बळ." कॉलेजचा शिक्का मारला. कागदावर माझं नाव टाइप केलेलं छान दिसतं.

२२ फेब्रुवारी

दिवसभर प्रयोगशाळेत चाळण्या. एकीखाली एक आठ चाळण्या, वरची जाड, खालची बारीक. माती टाकायची, हलवायची, प्रत्येकीत काय अडकलं ते तोलायचं. पाठीचे बारा वाजले.

खालच्या तीन खड्ड्यांचं चित्र आता जुळतंय आणि ते चांगलं नाही. पूर्वी लहान लहान पूर वरचेवर यायचे, पातळ पदर टाकून जायचे. मग चुनखडीचे खडे भरलेला एक थर, म्हणजे लांबलचक कोरडा काळ. आणि त्या कोरड्या काळाच्या टोकाला एकदम हातभर जाड रेतीचा पूर. वरच्या भागात हेच पुन्हा दिसतंय. पावसाचे दिवस कमी, पण पडला की ओततो. सर खूश झाले. म्हणाले, "हे चालेल."

सिंहस्थाच्या कामांचे मुरूम भरलेले डंपर दिवसभर रस्त्याने. धुळीने डोकं दुखतंय.

१९ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आत्या नव्या घरात गेली. एक खोली, ओटा, मोरी, वर स्लॅब. सातांपैकी चार घरं पुरी झाली, तीन व्हायचीत. सगळ्यात आधी आत्या, कारण बाकीचे म्हणाले, "आधी कुसाबाईला जाऊ द्या, मग बघू." कुणाला खात्री नव्हती, हे मला आज कळलं. आत्याने खात्री पटवली. दारोदार जाऊन म्हणाली, "माझ्या भाचीनं तपासलंय."

आत्याचं एक गाठोडं आहे. आषाढ लागला की लुगडी, रेशनकार्ड, नवऱ्याचा फोटो, दोन भांडी असं बांधून दाराशी ठेवायची ते गणपती उठेपर्यंत तसंच. चाळीस वर्षं. आज तिने ते सोडून एकेक वस्तू फळीवर लावली. फडकं मला दिलं, खिडकी पुसायला.

"आता नाय बांधायचं," म्हणाली. पुरणपोळी माझ्यासाठी ठेवली होती, मी दोन खाल्ल्या.

२४ जून

आजच्या आज लिहून ठेवते, अक्षर येईल तसं येईल.

आत्याच्या घराचा शेवटचा हप्ता अडलाय, जुने उतारे लागतात म्हणून सकाळी तहसीलला गेले. आमच्या रानाचं खरेदीखत निघालं. पणजोबांनी घेतलेलं, सन १९३१. कारकुनाने मोठ्याने वाचून दाखवलं: 'नाल्यालगतची, गाळपट्टी म्हणोन ओळखली जाणारी.' मी म्हटलं, वा, नाव तेव्हापासूनचं आहे. झेरॉक्स घेतली, चहा घेतला, गाडीत बसले.

द्वारका चौक ओलांडला तेव्हा झेरॉक्स काढून साल पुन्हा वाचलं. एकतीस साली. आजोबा तेव्हा पाळण्यात होते. बहात्तरला त्यांनी गाळ टाकायच्या चाळीस वर्षं आधी त्या रानाचं नाव गाळपट्टी होतं.

मग तो गाळ कुणी आणला होता?

२५ जून

कॉलेज बुडवून गावी गेले. राहिलेल्या तीन घरांपैकी एकाचा पाया खणलेला आहे, खड्ड्याची भिंत उघडी. ब्रशने साफ केली. वरची फूटभर काळी माती, ती आजोबांची. ढेकळं, खापराचे तुकडे, शेण, सगळं एकात एक. गाडीतून ओतलेला गाळ असा दिसतो. त्याखालचे चार पट्टे नदीचे. बैलगाडी रेती खाली आणि चिखल वर असा निवडून टाकत नाही. शंख फुटल्याशिवाय राहत नाहीत. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. डिसेंबरात हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी हसले होते.

पाणी बहुतेक पुढून येत नाही. मागच्या नाल्यातून उलटं चढतं. नदी फुगली की नाला तुंबतो आणि गाळपट्टीला मागून वेढा पडतो. चार वेळा तरी पडलाय. एकोणसत्तरच्या पुराहून मोठे पूर, कुणाच्या आठवणीत नसलेले.

पायाच्या खड्ड्यात उभी होते तेव्हा आत्या वरून म्हणाली, "छाये, चहा ठेवलाय." मी चहा प्यायले. काही बोलले नाही. म्हटलं, आधी सरांशी बोलते, नीट पद्धतशीर.

२६ जून

सरांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ पेनाचं टोपण उघड-बंद करत होते. मग म्हणाले, "व्हायवा पंधरा जुलैला आहे. बाहेरचे परीक्षक येणार. आता शुद्धिपत्र काढलं तर ते पहिला प्रश्न विचारतील, बाकीचे खड्डे तरी बरोबर वाचलेत का? सात वर्षं आहेत तुझी." मी म्हटलं, सर, माणसं राहतात तिथे. ते म्हणाले, "पाचशे-हजार वर्षांत चारदा आलंय म्हणतेस. या वीस दिवसांत येणार आहे का? सोळा तारखेला आपण दोघं जाऊन गावाला सांगू. मी येतो."

गणिताने बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. मी गणित करून बघितलं. वीस दिवसांत शक्यता अगदीच कमी येते. त्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

२८ जून

आप्पांना सांगितलं. मळ्यात, कोथिंबिरीला पाणी देताना. त्यांनी बारं मोडून पाणी पुढच्या वाफ्याला लावलं, हात धुतले, आणि म्हणाले, "म्हंजी तू चुकली?"

"हो."

"आनखी कुणाला ठावं?"

"सरांना."

ते मातीकडे बघत राहिले. माझ्यासाठी त्यांना वाईट वाटत होतं, घरांसाठी नाही, ते मला दिसलं. म्हणाले, "तुझी ती परीक्षा होऊ दे. डाक्टर हो आधी. मग सांगू. आता सांगितलं तर लोक म्हंतील, चिमाजीची पोर काय माती वाचती. आन बिचारे कुठं जातील? खालची पत्र्याची घरं मोडून बसलेत."

मी म्हटलं, आत्याला तरी सांगू. आप्पा म्हणाले, "अक्काला सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं. पंधरा दिस हायेत. मी हाय ना इथं. पाणी वाढलं तर मी काढीन तिला."

आप्पांनी आयुष्यात मला पहिल्यांदाच चूक लपवायला सांगितली. आणि मी ऐकलं. लग्नाच्या वेळी ऐकलं नाही, कॉमर्स घे म्हणाले तेव्हा ऐकलं नाही. हे ऐकलं.

२ जुलै

दोन दिवस पाऊस लागून आहे. ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. 'माझ्या ९ जानेवारीच्या अहवालात गंभीर चूक झाली असून...' तीनदा वाचलं. व्याकरण सुधारलं. पिशवीत ठेवलं.

५ जुलै

त्र्यंबकला धो धो. धरण भरत आलंय म्हणतात. आप्पांना फोन केला, म्हणाले, "नदी हाय तिथंच हाय. तू अभ्यास कर." सादरीकरणाच्या स्लाइड चाळीस झाल्या. पाचव्या खड्ड्याची स्लाइड काढून टाकली. नकाशावरचा ठिपकाही काढला.

उद्या पत्र टाकायचंच. सरांना न विचारता.

६ जुलै

नाही टाकलं.

८ जुलै

दुपारी बारापासून धरणातून विसर्ग वाढवला. पंचवटीत ज्याच्यावर पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, अजून चढतंय, पोरं मोबाइल घेऊन बघायला गेलीत. आप्पांचा फोन लागत नाही. आत्याचा लागला. म्हणाली, "काळजी करू नको, आमी वर हाओत." मी म्हटलं, "आत्या, तिथून नीघ, शाळेत जा. मी चुकले होते, तिथं पाणी येतं." वाऱ्याचा आवाज होता. ती "हो हो" म्हणाली आणि फोन कट झाला. ती कशाला हो म्हणाली ते मला कळलं नाही. पुन्हा लागला नाही. स्टॅंडवर गेले तर त्या बाजूच्या सगळ्या गाड्या बंद.

१२ जुलै

आता लिहिते.

त्या दुपारी खालच्या वस्तीतली राहिलेली माणसं शेळ्या-कोंबड्या घेऊन वर गाळपट्टीत आली. दरवर्षी शाळेत जायची, यंदा तिथे आली. सगळे नदीकडे तोंड करून उभे होते. पाणी मागून आलं. साडेतीनला नाला तुंबला आणि रस्ता बुडायला लागला. शेजारच्या नवनाथने ट्रॅक्टर काढला. पहिल्या खेपेत बायका-पोरं, दुसऱ्या खेपेत म्हातारे. आप्पा तेव्हा मळ्यातली मोटर वाचवायला गेले होते आणि ओढ्यापलीकडे अडकले. ते पलीकडून हाका मारत होते, ऐकू गेल्या नाहीत.

नवनाथ आत्याला दोनदा म्हणाला, चल. आत्या म्हणाली, "आधी यांना ने. माझे गुडघे चढायचे नायत, मला येळ लागंल. आन इथं पाणी येत नाय, छायानं लिवून दिलंय." तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर बंद पडला.

माझ्या फोनबद्दल ती कुणाशी काही बोलली नाही. ऐकू आलं नसेल. की ऐकू आलं आणि माझं कागदावरचंच तिला खरं वाटलं. मला हे कधीच कळणार नाही.

दार आतून लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी उतरल्यावर उघडलं. स्लॅबला काही झालं नाही. घर पक्कं आहे.

आई गं, काय केलं मी.

१४ जुलै

लोक धरणाला शिव्या देतात. पाणी सोडणाऱ्यांना देतात. मला कुणीच काही म्हणत नाही. बायका मला जवळ घेतात. म्हणतात, तिचा लय जीव होता तुझ्यावर.

शेखर सरांचा फोन आला. व्हायवा पुढे ढकललाय म्हणाले. आवाज उतरलेला होता. मग म्हणाले, "छाया, आता हे बोलायची वेळ नाही, पण ताज्या थराचा नमुना घेऊन ठेव. पुन्हा असा मिळणार नाही." मी फोन ठेवला.

मग आत्याच्या घरात गेले आणि मोजपट्टी लावली. मोजल्याशिवाय मला राहवलं नाही, ही माझी लायकी. अकरा सेंटीमीटर. खाली रेती, वर चिखल. फळीवरच्या भांड्यांत पण.

१७ जुलै

आज तलाठी पंचनाम्याला आला. आत्याच्या ओट्यावर खुर्ची टाकली. चार पंच, आप्पा घरचे म्हणून बसलेले. सगळा गाव उभा होता. नाव, वय, घर क्रमांक झाल्यावर त्याने विचारलं, "या जागेत पूर्वी कधी पाणी आल्याचं माहीत होतं का?"

आप्पा पटकन म्हणाले, "नाय. एकोणसत्तरलाबी आलं नाय." माझ्याकडे बघितलं नाही. "कुणालाच ठावं नव्हतं, साहेब."

तलाठी लिहायला लागला.

मी म्हटलं, "माहीत होतं."

नवनाथ माझ्याकडे वळला. कुणीतरी म्हणालं, तिला बसवा, पोरगी चार दिवस जेवली नाही. मी बसले नाही. पिशवीतलं पत्र काढून तलाठ्यापुढे ठेवलं. तारीख दोन जुलै, खाली माझी सही. म्हटलं, "मी दिलेला अहवाल चुकीचा होता. इथं चार वेळा पूर आलेला आहे. मला कळलं होतं."

"कधी कळलं?"

"चोवीस जूनला."

तो पेन धरून थांबला. चांगला माणूस होता. "बाई," तो हळू म्हणाला, "हे लिहिलं की लिहिलं. पाणी आठ जुलैला आलं. मधे चौदा दिवस आहेत. विचार करा."

"लिहा."

त्याने लिहिलं. नवनाथची आई, जिला दुसऱ्या खेपेत काढलं, ती माझ्या शेजारी उभी होती. ती दोन पावलं बाजूला सरकली.

तलाठ्याने कागद आप्पांपुढे केला, घरचे म्हणून सही करायला. आप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं, बोट ठेवत ठेवत. माझ्या तारखेपाशी बोट थांबलं. मग त्यांनी सही न करता कागद परत सरकवला.

"आन मला अठ्ठावीसला कळलं होतं," ते म्हणाले. "मीच तिला गप ऱ्हा म्हनलो. तेबी लिवा."

तलाठ्याने तेही लिहिलं. मग आप्पांनी सही केली.